किल्ल्यांची वही

“ही तारीख कोणी टाकली?”

प्रबोध दांडेकरने कागद माझ्या टेबलावर असा आपटला की कपातली कॉफी हिंदकळून कीबोर्डवर सांडली.

“तुम्हीच सांगितली होतीत,” मी फडक्याने कीबोर्ड पुसत म्हणालो.

“मी? काका, मी तुम्हाला...” तो मध्येच थांबला. तेव्हा जे ‘काका’ गेलं ते पुन्हा आलं नाही. “मिस्टर पेडणेकर, खाली सही कोणाची आहे?”

सही माझीच होती. ‘गाडी ताब्यात दिली, २२ ऑक्टोबर २०१५’ असं छापील फॉर्मवर भरलेलं, त्याखाली माझी सही आणि शेजारी त्याची. त्या दिवशी तारीख होती ३० एप्रिल २०१६.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वन-नॉर्थला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, मरीन परेडला कोंडोत महागडा फ्लॅट, आणि बोलणं असं की समोरचा प्रत्येक जण याच्या हाताखाली कामाला आहे. मी तर कोणाच्या ना कोणाच्या हाताखालीच आयुष्य काढलेलं. सेम्बावांगच्या गोदीत स्टोअरकीपर होतो. गोदीने माणसं कमी केली, त्यात मीही कमी झालो. त्यानंतर चौदा वर्षं उबीतल्या या जुन्या गाड्यांच्या यार्डात कागद करत होतो. नाव बदलणं, विमा, कर्जाचे फॉर्म आणि गाड्यांच्या किल्ल्या, एवढा माझा कारभार.

“गाडी बोगद्यात बंद पडली,” दांडेकर म्हणाला. “परवा. मेधा चालवत होती, मागे अवनी. इंजिन चालू आणि गाडी हलेना. गिअरच पडेना! मागून लॉऱ्या येतायत. सात वर्षांची मुलगी चाळीस मिनिटं बोगद्याच्या भिंतीला चिकटून उभी होती. कळतंय का तुम्हाला?”

कळत होतं. पण एवढ्यात केबिनमधून रेमंड बाहेर आला. रेमंड म्हणजे आमचा बॉस, यार्डचा मालक. त्याने कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवून तारीख वाचली आणि बोटांवर महिने मोजले. मोजायची गरज नव्हती. केबिनमधल्या कॅलेंडरवर २२ एप्रिलभोवती लाल पेनाने केलेला गोल मी रोज पाहत होतो. विकलेल्या प्रत्येक गाडीचा असा एक गोल असायचा.

“सिक्स मंथ्स अँड एट डेज, सर,” रेमंड अगदी हळहळल्यासारखं म्हणाला. “सो सॉरी.”

चार वर्षांपूर्वी या देशात लेमन लॉ, म्हणजे सदोष मालाचा कायदा, आला तेव्हापासून रेमंडला सहा महिन्यांचा हा हिशेब तोंडपाठ होता. गाडी ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांत बिघाड निघाला, तर तो विकतानाच होता असं कायदा धरून चालतो. नव्हता, हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं. नाही करता आलं तर दुरुस्ती करून द्यायची, नाहीतर पैसे कमी करायचे. सहा महिने उलटले की पारडं फिरतं. मग बिघाड आधीचाच होता हे गिऱ्हाइकाने सिद्ध करायचं. पाच वर्षांच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स कधी मेला हे कोण बापडा सिद्ध करणार?

“मी गाडी बावीस ऑक्टोबरला नेलीच नव्हती!” दांडेकर ओरडला. “सांगा त्याला! तुम्हाला माहितेय!”

रेमंडने माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्ड पुसत राहिलो.

दांडेकर ओरडत होता ते खरं होतं. गाडी त्याने नेली सात नोव्हेंबरला. बावीस ऑक्टोबरला दसरा होता.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी रेमंडने ती चंदेरी गाडी एक चक्कर मारून आणली आणि तोंड वाकडं करून किल्ली माझ्यासमोर टाकली. गाडी देता येणार नव्हती. दांडेकरला फोन करून आणखी दोन आठवडे लागतील असं सांगायचं काम माझ्याकडे आलं.

“अहो काका, असं कसं?” तेव्हा मी काका होतो. “आईने पंचांग बघून ठेवलंय. पुण्याला सगळ्यांना सांगून झालंय. गाडी दसऱ्यालाच ताब्यात आली पाहिजे.”

“गाडी पॉलिशला जायचीय,” मी म्हणालो.

“मग पूजा तिथेच करू. तुम्ही गाडी मागाहून द्या, पण कागदावर दसरा पाहिजे. नावावरसुद्धा त्याच दिवशी करा. एवढं कराच काका, आपला माणूस म्हणून सांगतोय.”

मी रेमंडला विचारलं. तो हसून म्हणाला, “गिव्ह हिम, लाह!” मला वाटलं, गिऱ्हाइकाचं मन राखतोय. तो कॅलेंडर बघत होता, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले.

दसऱ्याला मंडळी नटूनथटून आली. मेधा पैठणीत, अवनीच्या हातात कुंकवाची कुयरी, आणि दांडेकर रेशमी कुर्त्यात. गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली चार लिंबं ठेवली, फूटपाथच्या कडेवर नारळ फोडला. आता गाडी लिंबांवरून जायला हवी होती, आणि रेमंडने मला बजावलं होतं की गाडी सुरू करायची नाही. मी सांगितलं, बॅटरी काढलीय. मग आम्ही गाडी ढकलली. यार्डातली दोन बांगलादेशी पोरं, मी आणि कुर्त्याच्या बाह्या सारून स्वतः प्रबोध दांडेकर. लिंबं चिरडली, अवनीने टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. एवढा शिकलेला माणूस. स्वतः विकत घेतलेली गाडी स्वतः ढकलत होता आणि का ढकलतोय हे त्याने विचारलं नाही. मी मराठीत सांगितलं होतं, तेवढं त्याला पुरलं.

संध्याकाळी त्याने फेसबुकवर फोटो टाकला. खाली इंग्रजीत लिहिलं: आज आमची नवी गाडी घरी आली.

तीस एप्रिलला तो पाय आपटत गेला, आणि रेमंडने पहिली गोष्ट केली ती म्हणजे हा फोटो शोधून छापून घेतला. रंगीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दांडेकरचा मेसेज आला. ‘उबीला गाडी घ्यायला जाणार असाल तर निशिकांत पेडणेकर या माणसापासून सावध राहा. आपल्याशी मराठीत बोलतो आणि गळा कापतो.’ ग्रुपमध्ये अडीचशे माणसं. कोणी ‘भयंकर’ लिहिलं, कोणी रागावलेला चेहरा टाकला. अठरा वर्षं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी माईक लावला, आणि सगळे जेवून गेल्यावर खुर्च्यांच्या चळती लावल्या. त्या अडीचशेतल्या एकाने फोन करून विचारलं नाही की पेडणेकर, काय प्रकार आहे हा.

राग मला त्या माणसाचा आलाच, पण ‘आपल्याशी मराठीत बोलतो’ या शब्दांचा जास्त आला. कारण ते खोटं नव्हतं.

महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी होता. बटाटेवडे दरवर्षी आमच्या घरून जायचे. साधनाने आठ किलो बटाटे उकडून ठेवले होते, आणि शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या चिटणीस बाई, चैत्राली, यांचा फोन आला की या वेळी बाहेरून मागवलंय, वहिनी, तुम्हाला उगाच त्रास नको. साधनाने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मग ती पुन्हा खाली बसून बटाटे सोलायला लागली.

“आता कशाला सोलतेस?” मी म्हटलं.

“उकडलेले आहेत. टाकून देऊ?” थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुम्हाला माहीत होतं का?”

“तारीख त्यानेच मागितली होती. मी काय स्वतःहून...”

“मी तारखेचं विचारत नाहीये. गाडी खराब आहे हे माहीत होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. बटाट्याचं साल एका बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “वहीत काय लिहिलंय?”

वहीबद्दल सांगायला हवं. गोदीत असताना माझी एक सवय होती. स्टोअरमधून साधा नट जरी बाहेर गेला तरी लिहिल्याशिवाय जात नसे. इंग्रजी वहीत लोक मागाहून खाडाखोड करायचे, म्हणून मी नोंदी मराठीत ठेवायला लागलो. त्या वहीला कोणी हात लावत नसे. यार्डात आलो तशी सवयही आली. भिंतीवर खिळ्यांचा फळा होता, गाडीगणिक एक किल्ली. कुठली किल्ली किती वाजता निघाली, कोणी नेली, कशासाठी नेली, कधी परत आली, सगळं वहीत. फळ्याशेजारी ती सुतळीने टांगलेली असे. रेमंडला ती म्हाताऱ्याची खोड वाटायची. कंपनीच्या फॉर्मवर मी चौदा वर्षांत बरंच काही लिहिलं असेल. वहीत एक ओळ खोटी लिहिलेली नाही.

हे साधनाइतकं कोणाला माहीत असणार? मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. खालच्या मैदानावर पोरं फुटबॉल खेळत होती. आत आलो तेव्हा ती झोपायला गेली होती. आठवडाभर आम्ही बटाट्याची भाजी खाल्ली आणि जरुरीपुरतं बोललो. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने मला खोटारडा म्हटलं नव्हतं, तेव्हाही म्हटलं नाही. त्यापेक्षा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दांडेकर स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये, छोट्या दाव्यांच्या कोर्टात, गेला. जुलैची तारीख लागली. रेमंडने मला केबिनमध्ये बोलावून समोर खुर्ची दिली, एरवी देत नाही.

“यू कम अ‍ॅज विटनेस, निशी. एकच वाक्य. डिलिव्हरी ट्वेन्टी-सेकंड ऑक्टोबर. तुझीच सही आहे. फिनिश.”

“आणि त्यांनी आणखी विचारलं तर?”

“आणखी काय विचारणार? अदर रेकॉर्ड गॉट?”

“नाही,” मी म्हणालो. दोन महिन्यांतलं माझं हे दुसरं ‘नाही’.

“सप्टेंबरमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंय ना?” रेमंड म्हणाला. “डोन्ट वरी.” सत्तावन्न वर्षांच्या माणसाला या शहरात दुसरं कोण टेबल देणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आमच्या श्रियाचं पॉलिटेक्निकचं अजून एक वर्ष बाकी होतं.

तेरा जुलैला सकाळी यार्डातून निघताना मी सुतळी सोडली आणि वही पिशवीत टाकली. का टाकली, हे तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दांडेकरसाठी तर नक्कीच नाही.

ट्रायब्युनलची खोली लहानशी होती. तिथे वकील चालत नाहीत, दोन्ही बाजूंनी आपापलं बोलायचं. समोर पिकल्या केसांच्या, बारीक चणीच्या रेफरी बाई, निवाडा त्याच करणार. दांडेकरने लॅपटॉप, ईमेलच्या प्रती, ईआरपीचे, म्हणजे रस्त्यावरच्या टोलचे, पैसे कापल्याची यादी असं सगळं आणलं होतं. यादीतली पहिली नोंद नोव्हेंबरमधली होती. रेमंड म्हणाला, गाडी आधी घरी उभी असेल, आम्ही काय करणार? मग त्याने फॉर्म आणि तो रंगीत फोटो बाईंपुढे सरकवला.

“हे तुम्हीच लिहिलंय ना?” बाईंनी विचारलं. “आज गाडी घरी आली?”

“ते... ती पूजा होती, मॅडम. गाडी तिथेच होती. आम्ही ढकलली ती.”

“ढकलली?”

“लिंबांवरून,” दांडेकर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. रेमंड ओठ आवळून टेबलाकडे पाहत होता. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. या माणसाला पहिल्यांदाच शब्द सापडत नव्हता. त्याच्या मागे मेधा बसली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिच्या मांडीवर अवनीची शाळेची पाण्याची बाटली होती. मुलीला सोडून थेट आली असावी.

मग बाई माझ्याकडे वळल्या. खरं बोलण्याची समज दिली आणि विचारलं, या तारखेला गाडी ताब्यात दिली का?

“नो, मॅडम,” मी म्हणालो.

“निशी,” रेमंड म्हणाला. एवढंच.

मी पिशवीतून वही काढली. बाईंनी पानं उलटली, ही कुठली भाषा म्हणून विचारलं. मी सांगितलं आणि इंग्रजीत वाचून दाखवलं. बावीस ऑक्टोबर, चंदेरी, किल्ली खिळ्यावरच, पूजा झाली, गाडी ढकलली. मग सात नोव्हेंबर, अकरा चाळीस, चंदेरी, दांडेकर घेऊन गेले.

“एनीथिंग ऑल्सो कॅन राइट!” रेमंड उसळला. “त्याने वाटेल ते लिहिलं असेल. वाचणार कोण?”

बाईंनी वही दांडेकरकडे दिली. “तुमचा यात स्वार्थ आहे हे मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण यांनी नीट वाचलं का, तेवढं बघा.”

दांडेकर वाचायला लागला. त्याचं बोट पहिल्या नोंदीवरून खाली सरकलं आणि थांबलं. कुठे थांबलं ते मला न बघता कळलं. दोन नोंदींच्या मध्ये आणखी एक ओळ होती, आणि ती मी वगळली होती. वही पिशवीत टाकताना मला ती आठवत होती. एमआरटीत, मेट्रोत, बसल्यावर आठवत होती. तारीख सांगितली की माझं काम झालं, बाकीचं कोण बघतंय, असं मी स्वतःला समजावलं होतं. त्या खोलीत ती ओळ वाचू शकणारी फक्त तीन माणसं होती, आणि त्यांतला एक तोंड मिटून बसलेला मी.

दांडेकरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो ओरडेल असं मला वाटलं. त्याने बोट त्याच ओळीवर ठेवलं.

“वाचा,” मी मराठीत म्हणालो. “मोठ्याने वाचा.”

“तेवीस ऑक्टोबर,” तो वाचू लागला. “नऊ पंधरा. चंदेरी, गिअरबॉक्सवाल्याकडे. जाडं तेल घालून पाच-सहा महिने निघतील म्हणाला. गिऱ्हाइकाला...” त्याने वही डोळ्यांजवळ नेली. “गिऱ्हाइकाला पॉलिश सांगितले.”

मागे मेधाच्या हातून बाटली पडली आणि घरंगळत माझ्या पायापाशी आली. मी ती उचलून तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही, म्हणून खुर्चीवर ठेवली.

“काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं.

दांडेकरने वही माझ्याकडे सरकवली. मग मीच सांगितलं. मीच लिहिलेली ओळ, शब्दाला शब्द इंग्रजीत करून. गिऱ्हाइकाला ‘पॉलिश’ सांगणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तेही सांगितलं. मी, निशिकांत पेडणेकर.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. बिघाड सहा महिन्यांच्या आतला ठरला, विकणाऱ्याला आधीपासून माहीत असलेला आणि लपवलेलाही ठरला. गिअरबॉक्सचा सगळा खर्च यार्डाने द्यायचा. बाईंनी वहीच्या पानांच्या प्रती काढून घेतल्या आणि वही मला परत केली. देताना चष्म्यावरून एकदा पाहिलं. त्या नजरेत कौतुक नव्हतं.

बाहेर दांडेकरने मला गाठलं.

“पूजेनंतर गाडी कधी देताय विचारायला मी फोन केला होता तुम्हाला,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणालात, नव्यासारखी करून देतो.”

“हो.”

“माझ्या मुलीला अजून बोगदा आला की रडू येतं.”

 मी वहीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“ग्रुपवरचा मेसेज मी काढणार नाही.”

“नका काढू,” मी म्हणालो. “आणि पुढच्या वेळी कागदावर खरी तारीख घालून घ्या. आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

त्याने दात आवळले. मला वाटलं आता हात उचलतो. मेधाने त्याचा दंड धरला आणि दोघं लिफ्टकडे गेले. त्याने मागे वळून पाहिलं नाही आणि मीही त्यांच्या लिफ्टमध्ये गेलो नाही. जिन्याने उतरलो.

घरी साधनाने दार उघडलं. मी पिशवी टेबलावर ठेवली.

“वाचलं,” मी म्हणालो.

“सगळं?”

“सगळं.”

“नोकरी?”

“उद्या कळेल. म्हणजे, कळलेलंच आहे.”

तिने पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग आत गेली आणि तिने दोन ताटं घेतली. “हातपाय धुऊन या,” म्हणाली. “आमटी गरम करते.” दोन महिन्यांनी आम्ही समोरासमोर बसून जेवलो. तिने मला भात दोनदा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात गेलो तेव्हा माझ्या टेबलावरच्या वस्तू खोक्यात भरून ठेवलेल्या होत्या. कप, कॅल्क्युलेटर, श्रियाचा शाळेतला फोटो. रेमंड केबिनच्या दारात उभा होता.

“चौदा वर्षं तुला जेवायला घातलं,” तो म्हणाला. पुढे जे म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. मग हात पुढे करून म्हणाला, “कीज.”

मी त्याच्या हातात दिल्या नाहीत. फळ्यापाशी गेलो, वही पुन्हा सुतळीला बांधली, आणि उभ्याउभ्या शेवटची नोंद केली. ‘१४ जुलै, १०.०५. टेबलाचा खण, शटर, मागचं दार. तिन्ही किल्ल्या परत. पेडणेकर.’ किल्ल्या एकेक करून खिळ्यांना लावल्या. वही यार्डाची होती, तिथेच राहिली. पेन माझं होतं, ते खिशात घातलं.